पाठीवर किती वाजल्यापासून? कॅज्युअल्टीतल्या एका आजींच्या बेडसोअरचा हिशोब

केस आधी सांगते. आजी ७८ वर्षांच्या, वजन जेमतेम ४२ किलो, शुगर बऱ्याच वर्षांपासूनची, बीपीची गोळी चालू, पण घरात स्वतःचं स्वतः करणाऱ्या. सोमवारी पहाटे चारच्या सुमाराला बाथरूमला म्हणून उठल्या, मागच्या पडवीत शहाबादी फरशीवर पाय घसरला आणि उजव्या कुशीवर आदळल्या. कशाबशा पाठीवर वळल्या आणि मग तशाच, कारण उठता येईना आणि हाक कुणाला ऐकू जाईना. सहाला सून उठली तेव्हा तिला दिसल्या, लुगडं ओलं, अंग गार पडलेलं. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, वेळा मात्र फाइलमध्ये आणि सुनेनी सांगितल्या तशाच ठेवल्यात कारण या केसमध्ये जे काही आहे ते वेळांमध्येच आहे.

सहाला घरच्या कॉटवर. साडेसातला जीपच्या मागच्या सीटवर आडवं करून ग्रामीण रुग्णालयात. एक्स-रेवाले नऊला आले, फोटो निघाला, उजव्या खुब्याचं हाड मोडलेलं. साडेदहाला १०८ आली, स्पाइन बोर्डवर पट्टे बांधून घेतलं आणि १२ वाजून १० मिनिटांनी आजी आमच्या कॅज्युअल्टीच्या दारात. जिल्ह्याच्या ठिकाणचं मध्यम आकाराचं खाजगी हॉस्पिटल आहे, कॅज्युअल्टीत मोजक्या ट्रॉल्या, दिवसा दोन सिस्टर एक ब्रदर, एक मामा, एक मावशी. म्हणजे बहुतेक ठिकाणी असतं तसंच.

वॉर्डात बेड मिळाला रात्री ९.४० ला. मंगळवारी दुपारी ऑपरेशन झालं, खुब्याचा अर्धा सांधा बदलला, छान झालं. आणि गुरुवारी सकाळी साडेसातला मावशी आणि एक स्टुडंट सिस्टर स्पंज करायला आजींना कुशीवर वळवतात तर माकडहाडाच्या वर, बरोबर मधोमध, साधारण पाच बाय चार सेंटीमीटरचा वांग्याच्या रंगाचा डाग. कातडी फाटलेली नाही, पण हात लावला तर आजूबाजूपेक्षा मऊ, लिबलिबीत. उजव्या टाचेला रक्ताळ पाण्याचा फोड. डाव्या टाचेला लाली, पण बोट दाबलं की ती पांढरी होऊन परत लाल होत होती, म्हणजे तिथे अजून वेळ गेलेली नव्हती.

इन्सिडेंट फॉर्म भरला गेला आणि नेहमीचा खेळ सुरू झाला. वॉर्ड म्हणतो ऑपरेशनला टेबलवर झालं असणार. ओटी म्हणते आमच्याकडे पेशंट दीड तास होता. कॅज्युअल्टी म्हणते बाहेरूनच घेऊन आलेत. मला क्वालिटीकडून रिव्ह्यू करायला सांगितलं गेलं, फाइल घेऊन बसले, सगळ्यांशी बोलले, सुनेशी दोनदा बोलले. पुढे जे लिहितेय ते त्यातून.

कोणाच्या खात्यात?

ओटीचं आधी निकालात काढू. हे ऑपरेशन आमच्याकडे कुशीवर झोपवून करतात, मोडलेली बाजू वर, म्हणजे आजी डाव्या कुशीवर होत्या. त्या दीड तासात वजन आलं असेल तर डाव्या खुब्यावर, डाव्या खांद्यावर, डाव्या घोट्याच्या बाहेरच्या बाजूला. तिथे काहीच नाही. जखमा आहेत त्या माकडहाडावर आणि टाचेवर, आणि या जागा सरळ पाठीवर झोपणाऱ्याच्या आहेत. शरीरच सांगतं कुठे झोपलं होतं ते, फक्त बघावं लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. असा जांभळा डाग, ज्याला डीप टिश्यू इंज्युरी म्हणतात, तो दाब बसला त्या क्षणी दिसत नाही. आतलं मांस हाडाला चिकटून मेलेलं असतं, कातडीवर त्याचा रंग उमटायला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. गुरुवार सकाळी साडेसातपासून मागे मोजा: सोमवार सकाळी साडेसात ते मंगळवार सकाळी साडेसात. म्हणजे जीप, ग्रामीण रुग्णालय, ॲम्ब्युलन्स, आमची कॅज्युअल्टी आणि वॉर्डातली पहिली रात्र. हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नाही, ठोकताळा आहे, चार-सहा तास इकडे तिकडे होणारच, त्यातून बुधवारचा स्पंज फक्त पुढून झाला होता कारण ऑपरेशनचा पेशंट वळवायला कोणी धजेना, तेव्हा डाग बुधवारीच असेल आणि दिसला नसेल असंही होऊ शकतं. तरी दिशा कळते.

आता कॅज्युअल्टीचं म्हणणं, की बाहेरूनच आलं. यात अर्धं खरं आहे आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चार वाजल्यापासून रात्री ९.४० पर्यंत म्हणजे १७ तास ४० मिनिटं आजी पाठीवर होत्या. त्यातले पहिले आठ तास आमचे नव्हतेच. पण उरलेले साडेनऊ आमचे होते, आणि आम्ही ते शून्यापासून मोजले, तेही मोजले असं म्हणायचं. कातडीला आणि मांसाला ॲडमिशनची वेळ माहीत नसते. आजी दारात आल्या तेव्हाच आठ तास खर्च झालेले होते, त्यांच्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलायचं घड्याळ नव्याने लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मला या केसमधून एकच गोष्ट सांगायचीय ती हीच, की कॅज्युअल्टीत घड्याळ पडल्यापासून लावायचं, पोचल्यापासून नाही.

साडेनऊ तासांत काय काय झालं

फाइलमध्ये या वेळेची नोंद उत्तम आहे. खरंच. बीपी, पल्स, शुगर, सलाईन किती गेलं, ईसीजी, टूडी इको, फिजिशियनचं फिटनेस, योजनेच्या कागदांची वेळ, सगळं. पोझिशनचा रकाना तेवढा कोरा, वरपासून खालपर्यंत.

आल्या तेव्हा बीपी ९४/५८, पल्स १०८, जीभ कोरडी, शुगर २८६. नंतर आलेल्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.१, अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रोटीन २.७, दोन्ही कमी. या एकेका आकड्याचा कातडीशी संबंध आहे पण त्या वेळी तो कोणाच्या डोक्यात येत नाही, बीपी कमी म्हटलं की सलाईन सुचतं, माकडहाडाला रक्त कमी पोचतंय हे सुचत नाही. आजींच्या टाचांना शुगरमुळे मुंग्या-बधिरपणा आधीपासून होता हे सुनेनी मला सांगितलं, फाइलमध्ये नाही. ज्याला टाच टोचतेय हे कळतच नाही तो पाय हलवणार कशाला.

बोर्ड १.२० ला निघाला. म्हणजे साडेदहापासून दोन तास पन्नास मिनिटं त्या कडक प्लास्टिकवर. कारण विचारलं तर पेल्व्हिसचा, म्हणजे कमरेच्या हाडांचा, फोटो व्हायचा होता, "परत परत हलवायला नको". बोर्ड हा पेशंट उचलायचं आणि न्यायचं साधन आहे, झोपवायचं नाही. दारात प्राथमिक तपासणी झाली की काढायचा असतो, ट्रॉमाच्या ट्रेनिंगमध्ये दोन तासांची मर्यादा शिकवतात तीही आधीच्या प्रवासासकट धरावी लागते. एक्स-रेसाठी थांबायची गरज नसते. आणि बोर्ड काढताना चार माणसं मिळून लॉग रोल, म्हणजे पेशंटला ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर, करतातच ना, त्या वेळी मणक्यावर बोटं फिरवून दुखतंय का बघतात, तीच दहा सेकंदं खाली माकडहाडापर्यंत नजर टाकली, टाचा बघितल्या की झालं. कॅज्युअल्टीत पेशंटची पाठ दिसण्याची ती बहुतेक एकमेव वेळ असते. आजींच्या वेळी पाठ बघितली का? डॉक्टरांच्या नोटमध्ये "स्पाइन नो टेंडरनेस" आहे. कातडीबद्दल शब्द नाही.

मग ट्रॉली. ही ट्रॉली मी नंतर जाऊन बघितली. रेक्झिनचं कव्हर, आत फोम, कागदावर तीन इंची. कडेला आहेच तीन इंच. मधे, जिथे रोज सगळ्यांचं बूड टेकतं तिथे मूठ दाबली की खाली पत्रा लागतो. बाजूच्या ट्रॉलीवर तेच, तिसऱ्यावर तेच. वर मॅकिंटॉश म्हणजे ओल थोपवणारं रबरी कापड, त्यावर ड्रॉ शीट म्हणजे कमरेखाली टाकायची आडवी चादर, तिला घड्या. या गाद्या एक्स-रेला नेता-आणताना दोन तास झोपण्यापुरत्या बनवलेल्या असतात, त्यावर माणूस साडेनऊ तास राहील हे बनवणाऱ्याने धरलेलंच नसतं, आणि आपल्याकडे बेड रिकामा होईपर्यंत पेशंट तिथेच ठेवायचा हा आता अपवाद राहिलेला नाही.

दोन वाजता ऑर्थोच्या सांगण्यावरून स्किन ट्रॅक्शन लावलं. पायाला पट्टी, त्यावर क्रेप बँडेज, दोरी, पुलीवरून दोन किलो वजन. पाय ओढला गेला, हलायचा बंद झाला, आणि टाच गादीवर टेकलेली ती टेकलेलीच. बँडेजची घडी बरोबर टाचेच्या मागच्या शिरेवर आली होती, तिचा वळ फोडाच्या वर गुरुवारीही दिसत होता. इथे माझं मत थोडं कडक आहे. खुब्याच्या फ्रॅक्चरला ऑपरेशनआधी सरसकट ट्रॅक्शन लावायचा फायदा अभ्यासांमधून दिसलेला नाही, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या रिव्ह्यूमध्येही दुखणं कमी होतं असं काही निघालं नाही, तरी आपल्याकडे लावतातच कारण लावलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि नातेवाइकांनाही दिसतं. लावायचं असेल तर लावा, ऑर्थोच्या सरांशी वाद घालायची माझी पात्रता नाही, पण पोटरीखाली उशी उभी सरकवून टाच हवेत ठेवा, गुडघ्यामागे दाब येऊ देऊ नका आणि दर शिफ्टला बँडेज सोडून कातडी बघा.

साडेतीनला सुनेनी वरणभात भरवला, त्यासाठी डोक्याकडची बाजू चांगली साठ अंशापर्यंत वर केली. भरवून झाल्यावर ती खाली कोणी केली नाही. जवळजवळ सहापर्यंत आजी तशा अर्धवट बसलेल्या आणि हळूहळू पायाकडे घसरत. हे दिसायला निरुपद्रवी दिसतं पण माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात वाईट हेच झालं, कारण घसरताना कातडी चादरीला चिकटून जागेवर राहते आणि आतलं हाड खाली सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जाऊन पिरगळतात. नुसत्या दाबाला जे करायला तास लागतात ते अशा ताणाबरोबर फार लवकर होतं. मग मामांनी आणि ब्रदरनी काखेत हात घालून "आजी, जरा वर या" म्हणत वर ओढलं. सून म्हणाली असं दोनदा झालं, दुसऱ्यांदा आजी ओरडल्या. ओढायला ड्रॉ शीट होती, खाली अंथरलेलीच होती. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून उचलली असती तर कातडी घासलीच नसती.

डायपर पावणेएकला घातला, बदलल्याची नोंद रात्री आठची. आजी दिवसभर पाणी नको म्हणत होत्या. सुनेनी कारण विचारलं तर हळूच म्हणाल्या, "सारखं सारखं कोण काढंल माझं?" म्हाताऱ्या बायका हॉस्पिटलात पाणी का पीत नाहीत याचं उत्तर हे असतं, आणि आपण मात्र फाइलमध्ये लिहितो ओरल इनटेक पुअर.

आणि दुखणं. एकला ट्रॅमाडॉल, नंतर पॅरासिटामॉल. हलवलं की ओरडायच्या म्हणून हलवायचंच नाही असं ठरून गेलं, कोणी ठरवलं नाही, ठरून गेलं. मांडीच्या वर जांघेजवळ नसा बधिर करणारं इंजेक्शन, म्हणजे जो ब्लॉक देतात, फॅशिया इलियाका, तो द्यायला ॲनेस्थेशियाचे सर तयार होते, त्यांना कोणी फोन केला नाही कारण ऑपरेशन उद्या होतं. माझ्या मते खुबा मोडलेल्या पेशंटमध्ये तो ब्लॉक ही बेडसोअरची पहिली काळजी आहे. दुखणं गेलं तरच माणूस स्वतःहून बूड हलवतो आणि तरच सिस्टर वळवायला धजावते.

दाब म्हणजे नेमकं किती

नर्सिंगच्या पुस्तकात ३२ मिमी पाऱ्याचा आकडा सगळ्यांनी वाचलेला असतो, केशवाहिनीत एवढा दाब असतो, त्याहून जास्त दाब बाहेरून बसला की रक्त थांबतं. हा आकडा १९३० सालचा, लँडिस नावाच्या संशोधकाने निरोगी लोकांच्या नखाच्या मुळाशी मोजलेला. ९४/५८ बीपी असलेल्या, ४२ किलोच्या, अल्ब्युमिन २.७ असलेल्या आजींच्या माकडहाडाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, त्यांची मर्यादा याहून बरीच खाली असणार. १९६१ मध्ये कोसियाक नावाच्या संशोधकाने उंदरांवर केलेल्या प्रयोगात ७० मिमी दाब सलग दोन तास दिल्यावर मांसात बदल दिसले होते, आणि तोच दाब मधेमधे थोडा वेळ काढला तर नुकसान फारच कमी. दर दोन तासांनी कूस बदला या सल्ल्याला आधार म्हणून हाच प्रयोग सांगतात. यातला कामाचा भाग दोन तासांचा नाही, मधेमधे काढण्याचा आहे. पूर्ण कूस वळवता येत नसेल तर एका बुडाखाली घडी केलेली चादर सरकवा, अर्ध्या-पाऊण तासाने काढून दुसऱ्या बाजूला, एवढ्यानेही जागा बदलते.

लाली बघा, दाबून बघा, पांढरं होतं का बघा, हे सगळं गोऱ्या कातडीवर लिहिलेलं शास्त्र आहे. आजींच्या सावळ्या पाठीवर सोमवारी संध्याकाळी लाली दिसलीच नसती. अशा वेळी हाताचा मागचा भाग लावून आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागतंय का, कडक किंवा पोचट लागतंय का, आणि पेशंटला तिथे दुखतंय का हे विचारायचं. त्यासाठी उजेड लागत नाही, हात लागतो.

कॅज्युअल्टीच्या सिस्टरची बाजू

हे सगळं मी इंचार्ज सिस्टरांसमोर मांडलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, त्या दिवशी दोनच्या सुमारास एक पॉयझनिंग, एक एमआय (हार्ट ॲटॅक) आणि बाइकवरची तीन पोरं एकदम आली होती. आजी स्टेबल होत्या." बरोबर आहे. कॅज्युअल्टीत स्टेबल म्हणजे आपल्याकडे बघायची घाई नाही असा पेशंट. शिवाय दोन वाजता ॲडमिशनची नोट झाली, त्यानंतर आजी कागदावर वॉर्डाच्या होत्या आणि अंगाने कॅज्युअल्टीत. वॉर्डाची सिस्टर त्यांना बघू शकत नाही, कॅज्युअल्टीची सिस्टर त्यांना आपली धरत नाही. त्या साडेसात तासांना मालकच नव्हता. यात आळस कुठे नाही, मी रजिस्टर बघितलंय, त्या दिवशी कोणी जेवायलासुद्धा वेळेवर गेलं नव्हतं.

म्हणून "दर दोन तासांनी पोझिशन बदलावी" असं अजून एक सर्क्युलर काढून भिंतीवर चिकटवण्यात मला रस नव्हता. भिंतीवर आधीच खूप आहे.

बेडसोअरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडेन स्केलचंही तेच. १९८७ चं स्केल, सहा गोष्टी, ६ ते २३ मार्क, जितके कमी तितका धोका जास्त, १८ आणि खाली म्हणजे लक्ष ठेवा. वॉर्डात रात्री सव्वादहाला आजींना १३ दिले होते आणि कातडीसमोर "इंटॅक्ट" लिहिलं होतं, पाठ न बघता लिहिलं होतं हे त्या सिस्टरनी खुलेपणाने सांगितलं. मी मागाहून कॅज्युअल्टीतल्या वेळेसाठी मांडले तर ११ आले, म्हणजे हाय रिस्क. पण दारात पाच पेशंट उभे असताना सहा रकान्यांचं स्केल भरलं जाईल ही अपेक्षाच चूक आहे, आणि भरलं तरी पुढे कोणी काही केलं नाही तर मार्कांचा उपयोग काय.

मग काय बदललं

ट्रायाजच्या, म्हणजे आल्या आल्या पेशंटची तातडी ठरवायच्या, कागदावर वरच एक ओळ आली: पाठीवर किती वाजल्यापासून? उत्तर नातेवाईक देतात किंवा १०८ चे डॉक्टर देतात, आणि ती वेळ ट्रॉलीच्या डोक्याकडच्या पट्टीवर मार्करने लिहायची. अजून दोन प्रश्न, स्वतः उठून बसता येतं का आणि अंगाखाली ओलं आहे का. हे काही व्हॅलिडेटेड स्केल नाही, आमची चाळणी आहे, पण अर्ध्या मिनिटात होते. उठता येत नाही आणि चार तासांच्या वर झालेत, एवढं पुरे, पुढचं सुरू करायचं.

पुढचं म्हणजे बोर्ड दारातच काढायचा आणि त्याच लॉग रोलमध्ये पाठ, माकडहाड, टाचा बघून आहे तसं लिहायचं, शक्य असेल तर संमती घेऊन फोटो. बाहेरून आलेली जखम त्याच वेळी लिहिली तर पुढचे सगळे वाद संपतात, आणि हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या इंडिकेटरमध्ये हॉस्पिटलमध्ये झालेले बेडसोअर वेगळे मोजायचे असतात त्यालाही तोच आधार. खुब्याच्या पेशंटला ब्लॉकसाठी ॲनेस्थेशियाला फोन ऑर्थोच्या फोनबरोबरच. टाचा उशीवर. डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या वर फक्त जेवताना, आणि जेवण झाल्यावर खाली. ज्यांना श्वास लागतो त्यांना हे जमत नाही, त्यांचं डोकं वरच ठेवावं लागतं, मग निदान गुडघ्याखाली आधार द्या म्हणजे घसरणार नाहीत. खुबा मोडलेल्याला चांगल्या कुशीकडे थोडंसंच कलवायचं, पायांमध्ये उशी, पाठीमागे उशी. मणका किंवा पेल्व्हिस हललेला असेल तर ऑर्थोला विचारल्याशिवाय नाही.

माकडहाडावर लावायचे सिलिकॉनच्या थरांचे फोम ड्रेसिंग आणायचं का यावर मीटिंगमध्ये बरीच चर्चा झाली, कारण ते स्वस्त नाहीत. मी मेलबर्नचा अभ्यास ठेवला, तिथे ४४० ट्रॉमा आणि क्रिटिकल पेशंटमध्ये अर्ध्यांना कॅज्युअल्टीतच माकडहाडाला आणि टाचांना हे ड्रेसिंग लावलं होतं, जखमा झाल्या ३.१ टक्क्यांना, न लावलेल्यांमध्ये १३.१ टक्क्यांना. मला त्यातली टक्केवारी जितकी आवडली त्याहून हे आवडलं की त्यांनी आयसीयूत पोचायची वाट बघितली नाही. शेवटी सगळ्यांना नाही, चाळणीत अडकलेल्यांपैकी ज्यांना आयसीयू किंवा ऑपरेशन आहे त्यांना, असं ठरलं. ड्रेसिंग लावलं म्हणून वळवायचं थांबवायचं नाही आणि शिफ्टला एकदा कडेने उचलून खाली बघून परत चिकटवायचं.

काही गोष्टी बंद केल्या, त्यावर जुन्या सिस्टर जरा नाराज झाल्या. टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हज. बुडाखाली हवेची रिंग, जी मधल्या भागाला मोकळं सोडते आणि कडेने रक्त अडवते. स्पिरिट लावून पाठ चोळणं, लाल झालेल्या हाडावर मसाज. आमच्या ट्रेनिंगमध्ये बॅक केअर म्हणजे स्पिरिट आणि पावडर हेच शिकवलं होतं, पण स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि जिथे आत मांस दुखावलंय तिथे चोळलं तर अजून दुखावतं. ओलं झालं की धुवा, टिपून घ्या, साधं पेट्रोलियम जेली किंवा झिंकचं क्रीम लावा, मॅकिंटॉश काढा.

नातेवाइकांचा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटला. आपल्याकडे प्रत्येक ट्रॉलीपाशी कोणीतरी उभं असतंच आणि सिक्युरिटी त्यांना हाकलत असते. एकाला पास देऊन ठेवायचं ठरवलं. त्यांनी पेशंटला स्वतः वळवायचं नाही हे पहिल्यांदा सांगायचं, पण पट्टीवरची वेळ बघून सिस्टरला हाक मारायची, पाणी पाजायचं, डायपर ओला झाला की सांगायचं, आणि आजीबाईंना समजावायचं की काढायला माणसं आहेत, प्या. जबाबदारी सिस्टरचीच राहते, फक्त आठवण करून देणारं घड्याळ बोलतं झालं. आणि ॲडमिशन नोट झाल्यावर पेशंट अंगाने जिथे आहे तिथली सिस्टर त्याची, हे मेट्रनच्या सहीने लिहून घेतलं. यावर सगळ्यात जास्त भांडण झालं, अजूनही होतं.

आजींचं पुढे

जांभळा डाग आठवडाभरात काळा पडला, कडक खपली धरली, खाली किती खोल गेलंय ते कळेना. मग सर्जननी ती काढली तेव्हा खाली चरबीपर्यंत खड्डा, म्हणजे स्टेज तीन. टाचेचा फोड फोडला नाही, कोरडा ठेवला, टाच टेकू दिली नाही, तो आपोआप सुकून निघाला. वॉकरवर उभं राहायचं ते लांबलं कारण बसलं की दुखायचं आणि बसल्याशिवाय उठता येत नाही. घरी गेल्यावर एक दिवसाआड ड्रेसिंगला गावातल्या सिस्टर यायच्या, एअर बेड भाड्याने आणला, अंडं-दूध-डाळ वाढवली, शुगर आटोक्यात आणली. भरायला तीन महिन्यांच्या वर लागले. खुब्याचं ऑपरेशन योजनेत बसलं होतं, बेड आणि घरच्या ड्रेसिंगचा खर्च घरच्यांनी केला.

कमिटीने जखम हॉस्पिटलमध्ये झालेली म्हणून नोंदवली. कॅज्युअल्टीच्या खात्यात की वॉर्डाच्या, हा रकाना मी मुद्दाम रिकामा सोडायला लावला, त्यावर बोलणी खाल्ली.

बदललेल्या गोष्टींपैकी वेळ लिहिणं आणि टाचा उचलणं हे बऱ्यापैकी टिकलंय. ट्रॉलीच्या गाद्यांपैकी निम्म्या बदलल्या, निम्म्यांचं कोटेशन पर्चेसमध्ये आहे. रात्रीचं मात्र जमत नाहीये, लॉग रोलला चार माणसं लागतात आणि रात्री दोननंतर तिथे तीनच असतात, चौथा म्हणून सिक्युरिटीच्या दादांना बोलावतात, ते गेटवर असले तर येतात. त्यांना डोक्याकडे उभं करायचं नाही, पायाकडे करायचं, एवढं तरी शिकवून ठेवलंय.